छपरातली उपटलेली कडी

२०१८ च्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच तलासरी ठाण्यात फोन आला. हायवेलगतच्या कारखान्यात छपराचं काम करणारा रघ्या धोडी पडून मेला होता.

फौजदार वर्षा सावे पोचल्या तेव्हा ठेकेदार प्रितेशकडे सगळी उत्तरं तयार होती. एवढी तयारी दिसली की वर्षाबाईंना हमखास संशय यायचा.

"पडताना कोणी पाहिलं?"

"कोणीच नाही. एकटाच होता, मागच्या बाजूला पडला. आवाज ऐकून पहिला मीच धावलो."

"पट्टा?"

"बांधलाच नव्हता, मॅडम. काल दसऱ्याची चढवली असेल. मी तर काल पूजेला नव्हतो, वापीला घरी होतो. पाय पडून पत्रा फाटला. त्याचा पट्टा तो काय, खुंटीवर."

वर चढणाऱ्याने कमरेला पट्टा बांधायचा आणि पट्ट्याचा दोर छपरातल्या लोखंडी कडीत अडकवायचा, अशी तिथली रीत. मग घसरला तरी माणूस लोंबकळतो, जीव वाचतो.

रघ्याची बायको जानी फाटकापाशी बसून मेलेल्या नवऱ्याला शिव्या देत होती. पोरांचा विचार न करता तसाच वर गेला, म्हणत होती. तिचा दीर सुक्या शेजारी उभा होता. काम थांबणार नाही, दुपारी तूच चढ, असं प्रितेशने त्याला बजावलं होतं. आता त्याचा जीवही त्याच कड्यांच्या भरवशावर होता.

वर्षाबाई कारखानाभर हिंडल्या. यंत्रांना झेंडूच्या माळा, शिड्यांना, हातोड्यांना कुंकू. खुंट्यांवरच्या पट्ट्यांवरही कुंकवाची बोटं. रघ्याचा म्हणून दाखवलेला पट्टा मात्र नुसताच घामाने मळलेला.

"पूजा कोणी केली?" त्यांनी सुक्याला विचारलं.

"रघ्यानंच. सगल्या पट्ट्यांना त्यानंच कुंकू लावला."

वर्षाबाईंनी प्रितेशची गाडी उघडायला लावली. सीटखाली गोणपाटात एक पट्टा होता. त्यावर कुंकू होतं, आणि दोराला पत्र्याच्या तुकड्यासकट एक कडी लटकत होती.

"काल पूजेला असतात, तर दुसऱ्या साइटवरचा बिनकुंकवाचा पट्टा इथे टांगला नसतात," वर्षाबाई म्हणाल्या. "सगळ्यांच्या पट्ट्याला कुंकू लावणारा स्वतःचाच पट्टा विसरेल? कडी खालच्या लोखंडी तुळईला बोल्टने आवळायची असते. तुम्ही ती नुसत्या पत्र्यात स्क्रूने बसवली. रघ्या घसरला, भार आला, पत्रा फाडून कडी निघाली. तुम्ही पहिले पोचलात आणि पट्टा सोडून घेतलात."

 हवालदाराने प्रितेशला जीपमध्ये बसवलं. वर्षाबाईंनी छपराचं काम बंद करून सुक्याला घरी जायला सांगितलं.

जानी जवळ आली. "म्हंजे तो बांधून गेलता?"

"बांधून, कडीत अडकवून."

सकाळपासून तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. ती तिथेच खाली बसली.

"आन मी त्याला शिव्या घातल्या, बाय," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.