आईची खोली सापडली नाही

सिंगापूरची छोटी लोकल, एलआरटी, बुकित पंजांग भागातल्या इमारतींजवळून जाते, तेव्हा तिच्या काचा आपोआप धुरकट होतात. कुणाच्या घरात डोकावलं जाऊ नये म्हणून.

इस्त्री केलेला शाळेचा एक फ्रॉक. वर्षभर तसाच.

पुण्यात एक आजोबा. सिंगापूरहून फोन आला की उभे राहून बोलतात.

एक वेबसाइट. तिला पान एकच.

हे सगळं तिथल्याच एका कुटुंबातलं आहे, आणि घडलेलं आहे. शनिवारची भर दुपार होती. बाहेर लख्ख ऊन. अशा वेळी कुणी घाबरत नाही.

सुमेधा आणि क्षितिज यांची गार्गी डेंग्यूने गेली, त्याला वर्ष होत आलं होतं. वेबसाइट तिचीच. गार्गीने कागदांवर एक घर काढलं होतं आणि सुमेधाने त्या चित्रांचं वेब अ‍ॅप केलं होतं. दारावर क्लिक केलं की आत. मग स्वयंपाकघर, बाल्कनी, आजोबांची खोली. पुण्याच्या आजोबांना नातीच्या घरात फिरता यावं, एवढ्यासाठी.

क्षितिजला ते आता बंद करायचं होतं. सुमेधा रोज ऑफिसातून येऊन त्या घरात बसायची. त्याला बघवत नव्हतं. तिचं म्हणणं, पुण्याचे बाबा रोज येतात तिथे, त्यांचं काय?

"मग मोजू या," तो म्हणाला. "कुणी येत असेल तर राहू दे. नाहीतर... सोड गं आता तिला."

सुमेधाचं रोजचं कामच ते. वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसात ती लोकांच्या साइटवर कोण आलं, कुठे फिरलं, हे मोजणारं कोड बसवते. तेच तिने इथे बसवलं. स्वतःच्या भेटी त्यातून वगळल्या. तिला फसवाफसवी करायची नव्हती.

थोड्याच वेळात स्क्रीनवर एक हिरवा ठिपका उमटला.

कुणीतरी आलं होतं.

"बघ. आले बाबा."

क्षितिज तिच्या मागे येऊन उभा राहिला. एकेक ओळ येऊ लागली.

दार...

स्वयंपाकघर...

बाल्कनी...

सुमेधाने कोड उघडलं.

असल्या एकपानी अ‍ॅपमध्ये पान एकदाच उघडतं. मग आत कितीही फिरा, फक्त चित्रं बदलतात. मोजणाऱ्या कोडला दार उघडलेलं तेवढं कळतं. आतल्या खोल्या कळायला वेगळं कोड लिहावं लागतं.

ते ती घाईत विसरली होती.

तिने परत परत तपासलं. नव्हतंच लिहिलेलं.

आजोबांची खोली...

परत स्वयंपाकघर...

क्षितिजने पुण्याला फोन लावला, स्पीकरवर. बाबा, तुम्ही आत्ता गार्गीच्या घरात आहात का, असं त्याने विचारलं.

बाबा दूध आणायला बाहेर पडले होते. पलीकडून रस्त्यावरच्या रिक्षांचे आवाज येत होते.

"क्षितिज, सुमेधाला सांगू नकोस. गार्गी गेल्यापासून मी ते एकदाही उघडलेलं नाही. धीर होत नाही रे."

सुमेधाने ऐकलं.

म्हणजे त्या घरात कुणीच येत नव्हतं...

आणि ठिपका तर हिरवाच होता.

आईची खोली... सापडली नाही.

आईची खोली... सापडली नाही.

अशी खोलीच तिथे नव्हती. तिकडे जायला कुठे क्लिक करायचीही सोय नव्हती. गार्गी एकदा रुसली होती, शाळेतलं सिंगापुरी इंग्रजी मिसळत. "आई, सगळ्यांची रूम आहे, तुझीच नाही. सो अनफेअर लाह." हे ऑफिसचं काम संपलं की करते, असं सुमेधा म्हणाली होती. मग गार्गीला ताप आला.

आईची खोली... सापडली नाही.

"बंद कर," क्षितिज म्हणाला. "बंद केलंस तर तिला जाता तरी येईल."

"आणि मग शोधेल कुठे?"



सुमेधाने खोली केली. एक पलंग, एक खिडकी, स्वतःचा एक फोटो. अक्षरं धूसर दिसत होती, तरी ती टाइप करत राहिली.

आईची खोली...

पुढे काहीच उमटलं नाही.

दोघं वाट बघत बसले. बाल्कनी नाही. स्वयंपाकघर नाही. आलेलं माणूस हललं नाही की ठिपका थोड्या वेळात विझतो. हा विझला नाही.

क्षितिज तिथेच फरशीवर बसला. बंद करण्याचं त्याने परत कधी काढलं नाही.

पुढे सुमेधाने ते कोड ऑफिसातल्या प्रणवला दाखवलं. त्याने सगळं उलटसुलट बघितलं. यातून खोल्या मोजल्याच जाणार नाहीत, म्हणाला. येतं कोण, असंही विचारलं. घरातलंच कुणीतरी, एवढंच ती म्हणाली.

ठिपका अजून आहे.

पण हल्ली, रविवारी दुपारी, त्या खोलीत कधीकधी दोन ठिपके दिसतात...

सुमेधा तेव्हा आत झोपलेली असते. क्षितिजने हे तिला सांगितलेलं नाही. तो फक्त धावत जातो आणि हलवून तिला उठवतो. दर वेळी तिला जाग यायला जरा जास्त वेळ लागतो.

गार्गी गेली तो मंगळवार होता. तिच्याजवळ क्षितिज होता. सुमेधा वन-नॉर्थहून निघाली होती, अजून एमआरटीत, मेट्रोच्या गाडीत होती.