फक्त उन्हावर

पहिल्याच भेटीत त्याने तिला नखशिखांत भिजवलं, आणि आभाळात तेव्हा ढगाचं नावही नव्हतं.

सकाळचे पावणेसात वाजले होते. ती घाईत होती, म्हणजे रोजच्यासारखीच होती. ती फिजिओथेरपिस्ट. ऑपरेशन झालेल्या, पडून मोडलेल्या, चालायला घाबरणाऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना पुन्हा पायांवर उभं करायचं, हे तिचं काम. खांद्यावर रबरी पट्ट्यांची पिशवी आणि दातांत घराची किल्ली धरून ती गाडीची चार्जिंगची केबल काढत होती. एवढ्यात गच्चीवरून पाण्याचा लोट आला तो थेट तिच्या डोक्यावर.

शिडीवरून धडधडत एक माणूस खाली उतरला. उंच, उन्हाने रापलेला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. सोलर पॅनेल बसवणाऱ्या कंपनीचा तो इंजिनिअर होता, आणि तिच्या बाबांनी तक्रार केली म्हणून वर पॅनेल धुवायला चढला होता. त्याने आधी वाकून प्लग कोरडा आहे का ते बघितलं. मग तिच्याकडे बघितलं.

"मीही भिजलेय," ती म्हणाली.

"हो... दिसतंय. पण प्लगचं काही बिघडलं तर काय करायचं ते मला ठाऊक आहे. तुमचं बिघडलं तर—" एवढं बोलून त्याने जीभ चावली.

तिला रागवायचं होतं. राग नाकापर्यंत आलाही होता, पण त्याचा ओशाळलेला चेहरा बघून हसूच फुटलं. त्याने विचारलं, गाडी रोज रात्री लावता का चार्जिंगला. ती अभिमानाने म्हणाली, रोज. संध्याकाळी सातला आले की लावते, सकाळी काढते. ओल्या केसांतून पाणी निथळत असताना तिने वर पॅनेलकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, "गाडी उन्हावर चालते माझी. पेट्रोल नाही, धूर नाही. मला तर दर सकाळी नवल वाटतं बघा."

तो काहीतरी बोलणार होता. मग त्याने तिचा चेहरा पाहिला आणि ओठांवर आलेलं गिळून टाकलं. "छान आहे," एवढंच म्हणाला.

त्यानंतर तो दर शुक्रवारी येऊ लागला. कधी धूळ पुसायला, कधी कुठली पट्टी सैल झाली म्हणून. तिचे वडील आयुष्यभर शिंपीकाम करून आता घरी बसलेले होते, आणि माणसांना नावं ठेवायची त्यांना भारी हौस. दुसऱ्याच शुक्रवारी त्यांनी त्याचं नाव सूर्याजीराव ठेवून टाकलं. सूर्याजीराव आले, चहा टाक. सूर्याजीरावांना विचार, आज वीज किती होणार.

ती सात वाजता निघणारी मुलगी, शुक्रवारी मात्र तिला निघायला सव्वासात होऊ लागले. गच्चीच्या दारात चहाचा कप धरून ती त्याचं काम बघत उभी राहायची. काय सुरेख काम करायचा तो. पॅनेलला हात लावण्याआधी तळहाताची मागची बाजू टेकवून बघायचा, ती ताप बघताना माणसाच्या कपाळाला लावायची तशी. ऊन चढायच्या आत पाणी मारायचं, नाहीतर तापलेल्या काचेवर डाग बसतात, हे त्याने तिला सांगितलं. फडकं एकाच दिशेने फिरवायचा. खाली आला की पॅनेलची वीज घराजोगी करून देणाऱ्या भिंतीवरच्या इन्व्हर्टरला कान लावून त्याची घरघर ऐकायचा आणि मान डोलवायचा. आपल्या कामावर इतकं प्रेम करणारा माणूस तिने फार दिवसांत पाहिला नव्हता. तिने मनातल्या मनात कबूल केलं की त्याच्याकडे बघत राहावंसं वाटतं.

"इतकं काय बघता?" एकदा त्याने विचारलं.

"तुमची पाठ. वाकताना कमरेतून वाकता. गुडघ्यातून वाका... नाहीतर दहा वर्षांनी माझ्याकडेच याल."

"दहा वर्षं थांबायला लागेल?" त्याने फडकं पिळत विचारलं. ती घाईने वळली आणि जिना उतरताना दोन पायऱ्या चुकली.

आता त्याने गिळलेली गोष्ट सांगायला हवी. या घरात वीज साठवायची बॅटरी नव्हती. दिवसभर पॅनेल जी वीज करत, ती तारेवरून बाहेर जाई आणि गल्लीतल्या लोकांच्या पंख्यांना, फ्रिजना मिळे. तिची गाडी दिवसभर गावभर फिरत असायची आणि सूर्य मावळल्यावर प्लगला लागायची. म्हणजे घेतल्यापासून सहा महिने तिची गाडी चारचौघांच्या गाड्यांसारखी बाहेरून तारेवर येणाऱ्या विजेवरच चालत होती. त्याला हे पहिल्या सकाळीच कळलं होतं. पण ती इतक्या आनंदाने सांगत होती की त्याच्याने बोलवेना. पुढच्या शुक्रवारी सांगू, असं मनाशी म्हणाला. मग त्याच्या पुढच्या.

चौथ्या शुक्रवारी त्याने शक्कल लढवली. चार्जरमध्ये एक सोय होती, 'फक्त उन्हावर'. ती लावली की पॅनेल वीज करत असतील तेवढ्याच वेळात गाडी चार्ज होई. उद्या शनिवार, गाडी घरीच ना, असं त्याने सहज विचारलं. ती म्हणाली, हो, सुट्टी आहे. त्याने हळूच ती सोय लावून ठेवली. शनिवारभर गाडी खरोखरच ऊन पिईल, तिचं म्हणणं एकदाचं खरं होईल, आणि मग हसत हसत सगळं सांगून टाकू, असा त्याचा बेत. बिचारा एक करायला गेला आणि झालं भलतंच.

शनिवारी सकाळी सहा वाजता तिचा फोन वाजला. तिचे एक पेशंट होते, निवृत्त बस ड्रायव्हर, सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत. खुब्याच्या ऑपरेशननंतर दीड महिना त्यांनी जमिनीला पाय लावला नव्हता. सोमवारी येणारे सर्जन आज सकाळी आठलाच येणार होते, आणि काकांचा हट्ट एकच, ती असेल तरच उभा राहीन. आज पाऊल टाकलं नाही तर पुन्हा महिनाभर पलंग. ती धावत खाली आली. रात्रभर प्लगला असूनही गाडीत सहाच टक्के चार्ज होता. काकांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. चार्जरच्या छोट्या पडद्यावर अक्षरं होती: उन्हाची वाट पाहत आहे.

तिने त्याला फोन केला. पंधरा मिनिटांत कंपनीची टेम्पोगाडी शिडीसकट दारात उभी राहिली.

रस्त्यात त्याने आपण होऊन सगळं सांगितलं. सोय त्यानेच लावली होती, आणि गाडी उन्हावर चालत नाही हे त्याला महिनाभर ठाऊक होतं. तिने पिशवीतल्या रबरी पट्ट्या मोजायला घेतल्या. ते वेळेत पोहोचले. ड्रायव्हरकाका तिच्या खांद्यावर हात ठेवून सहा पावलं चालले, सर्जन खूश झाले, काकू रडल्या. ती खाली आली तेव्हा तो टेम्पोला टेकून उभा होता.

"दोन वर्षांपूर्वी माझं लग्न ठरलं होतं," ती म्हणाली. "तो परदेशी जाणार, कायमचा, हे त्याच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. फक्त मलाच नव्हतं. मला वाईट वाटेल म्हणून कुणी सांगितलं नाही. तेव्हापासून मी कानाला खडा लावलाय... माझ्या भल्यासाठी माझ्यापासून लपवणारा माणूस मला नको. मोठी गोष्ट असो की लहान."

"माझं चुकलं," तो म्हणाला. ती रिक्षाने घरी गेली.

पुढचे दोन शुक्रवार पॅनेल धुवायला दुसराच माणूस आला. ती खमकी होती, रडलीबिडली नाही. तिने पेशंटच्या वेळा बदलल्या, काही सकाळी, काही संध्याकाळी, आणि दुपारी बारा ते तीन गाडी घरी आणून उन्हात प्लगला लावू लागली. पहिल्या दुपारी चार्जरवर हिरवा दिवा लागला तेव्हा ती किती वेळ तिथेच उभी होती. डोक्यावर ऊन, आणि तेच ऊन काचेतून, तारेतून उतरून तिच्या गाडीत शिरत होतं. हे दाखवायला शेजारी कुणीतरी हवं होतं. कोण हवं होतं हे तिला चांगलं ठाऊक होतं, आणि त्यामुळे तिला स्वतःचाच राग आला.

बाबांनी विचारलं, हल्ली दुपारी घरी कशी. ती म्हणाली, फार उकडतं म्हणून. बाबांनी विचारलं, सूर्याजीराव का उगवत नाहीत. ती म्हणाली, त्यांना दुसरीकडे काम असेल. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगतच होते की आमची गाडी पहिल्या दिवसापासून उन्हावर चालते, आणि ती गप्प राहून मान हलवत होती. म्हाताऱ्याचा हिरमोड कशाला करा.

एका दुपारी ते वाणसामान आणणाऱ्या माणसाला हेच सांगत असताना तिने पुन्हा मान हलवली आणि तिच्या लक्षात आलं की आपणही बाबांपासून तेच लपवतोय. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ तिला दिसलं होतं, आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ पंधरा दिवस दिसलं नव्हतं. ती मटकन खुर्चीत बसली. तो माणूस गेल्यावर तिने बाबांना सगळं सांगितलं, रात्रीच्या विजेचं आणि सूर्याजीरावांचंही.

बाबा चष्मा पुसत ऐकत होते. "मला पहिल्या महिन्यापासून ठाऊक आहे," ते म्हणाले. "रात्री सूर्य नसतो, हे कळायला वायरमन व्हावं लागत नाही."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू किती खुशीत सांगायचीस, बाळ. त्या लग्नाच्या भानगडीनंतर तुला पहिल्यांदा एवढं खूश बघत होतो. माझी जीभच उचलेना. चुकलं माझं. पण मग मलाही घराबाहेर काढ, त्याला काढलंस तसं."

ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. तिने फोन उचलला.

तो वीस मिनिटांत आला, पळतच आला असावा. चार्जर बिघडलाय का, असं त्याने दारातूनच विचारलं. ती म्हणाली, चार्जर ठणठणीत आहे. गाडी प्लगला लागलेली होती, हिरवा दिवा जळत होता. त्याने तो पाहिला, मग वर पॅनेलकडे पाहिलं, आणि त्याचा सगळा चेहरा उजळला.

"एक विचारते," ती म्हणाली. "मला बरं वाटावं म्हणून काही बोलायचं नाही. पावसाळ्यात ही गाडी उन्हावर चालेल?"

"नाही. ढग दाटले की निम्मीही नाही. तेव्हा तारेवरचीच वीज घ्यावी लागेल."

"मग मी लोकांना काय सांगायचं?"

"चालते तितकी चालते म्हणायचं."

तिला हे उत्तर फार आवडलं, पण तिने तोंडावर दाखवलं नाही. "अजून काही लपवलंय?"

"हो," तो म्हणाला आणि जमिनीकडे बघू लागला. "दर शुक्रवारी पॅनेल धुवायची गरज नव्हती. महिन्यातून एकदा पुरतं. ऑफिसात मी सांगितलं होतं की या गल्लीत धूळ फार आहे."

"आणि आहे?"

"अख्ख्या गावात सगळ्यात कमी."

ती खळखळून हसली. आता तिची पाळी होती, आणि ज्या मुलीने शेकडो माणसांना पहिलं पाऊल टाकायला लावलं होतं तिलाच ते टाकायचं होतं.

"त्या दिवशी मी चिडले ते चार्जरमुळे नाही," ती म्हणाली. "तुम्ही मला आवडायला लागला होतात. म्हणून जास्त लागलं. आणि... मला अजून भीती वाटते. पुन्हा कुणीतरी माझ्या भल्यासाठी काहीतरी झाकून ठेवेल याची. ती जाईल की नाही ठाऊक नाही. पण तरी तुम्ही रोज यावं असं वाटतं."

तिला वाटलं, आता हा म्हणेल, मी आहे ना, काही घाबरू नका. ज्याच्याशी तिचं लग्न ठरलं होतं त्याने नेमकं हेच म्हटलं होतं.

"तुमची भीती मी घालवीन असं नाही सांगत," तो म्हणाला. "ते मला जमेल की नाही, मला माहीत नाही. माझा जीव तुमच्यावर जडलाय, एवढंच मला नक्की माहीत आहे. आणि ते आता लपवून ठेवायचं नाहीये."

त्याला जे माहीत नव्हतं ते त्याने तसंच सांगितलं होतं. ही दोन वर्षं तिला कुणाकडून तरी नेमकं हेच ऐकायचं होतं. तिने गाडीला वळसा घातला आणि त्याच्यासमोर येऊन हात पुढे केला. त्याने तो धरला. त्याचा हात उन्हाने तापलेला होता. तिने तो घट्ट धरून ठेवला.