दोन्हीकडे पिना

"हात लावू नका!"

शाळेच्या बोअरची मोटर दुरुस्त करणारा माणूस पान्हा टाकून धावला. आधी त्यानं भिंतीवरचं बटण बंद केलं, मग आरतीच्या हातातली वायर काढून घेतली. श्रावणातली भुरभुर चालू होती, पायाखाली ओलं.

"ही कुणी केली?"

वायरीच्या दोन्ही टोकांना पिना होत्या. एक टोक शाळेच्या बोर्डात खोचलेलं, दुसरं गाडीच्या बोर्डात घालायचं. गाडी म्हणजे जुनी मॅटॅडोर. नवरा, सुदर्शन गेला, त्याला तीन वर्षं झाली. त्यानंतर आरतीनं आत पलंग, ओटा, पंखा सगळं स्वतः बसवलं आणि पाच वर्षांच्या लेकीला, आरोहीला घेऊन शाळाशाळांत विज्ञानाचे प्रयोग दाखवत फिरू लागली. आज मुक्काम बोरी बुद्रुकला. आत आरोही घामेजून झोपली होती, पंख्यासाठीच ही धडपड.

"वायरमननं," आरती म्हणाली. तोंडातून निघूनच गेलं.

"कोण वो त्यो? कानफटात द्यायला पायजे! हिकडं लावली की तिकडच्या पिना जित्या. पोरीनं धरल्या असत्या म्हंजे?"

आरतीनं वळून गाडीत झोपलेल्या आरोहीकडे पाहिलं.

आदेश त्याचं नाव. आळेफाट्याला मोटर वाइंडिंगचं दुकान. दुपारभर तो मॅटॅडोरच्या पत्र्याला भोक पाडून नवी जोडणी बसवत होता आणि त्या वायरमनचा उद्धार करत होता. "गाढवानं अर्थिंग पन दिलं न्हाई, मॅडम!" प्रत्येक शिवीगणिक आरतीची मान आणखी खाली.

"आता बघा, पिना गाडीच्या अंगात, न् वायरीच्या टोकाला भोकं. म्हंजे ह्यो नर, न् ही…" तो अडखळला. कान लालबुंद. "धंद्यातली भाषा हाय. ऱ्हाऊ द्या."

"मादी," ती म्हणाली. "पुस्तकातही तसंच आहे."

दोघंही एकदम स्क्रू शोधायला वाकली… बोटाला बोट लागलं. तिला हसू आलं, आणि हसू आल्याची लाज. आत लेक झोपलेली, समोर परका माणूस, आणि आपण चक्क खोटं बोललेलो!

"आदेशभाऊ—" 'भाऊ' म्हणताना जीभ उगाच अडली. "वायरमन नव्हताच. मीच केली ती. मी बीएस्सी आहे… फिजिक्स. उद्या सातवीला वीज शिकवायचीय."

"म्हंजे मगापासनं मी ज्याला गाढव—"

"ती मीच."

तो हसला नाही. अंगठा पुढे केला फक्त. पांढरा, ओढल्यासारखा व्रण. "आयटीआयला व्हतो तवा. अशीच वायर केल्ती मी. सरांना सांगितलं, उंदरानं कुरतडली."

तिचे डोळे भरून आले आणि हसूही फुटलं. आत पंखा फिरू लागला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं ती जुनी वायर वर्गात उंच धरली. "ही मी केली होती," ती म्हणाली. आवाज कापला, पण वाक्य पुरं झालं. खिडकीबाहेर आदेश उभा होता. मोटर तर कालच चालू झाली होती.

वर्ग सुटल्यावर त्यानं विचारलं, "आता कुठं?"

"सोमवारी अवसरी बुद्रुक."

"मग येतो की… वायर बघाया."

"वायर चांगली आहे."

"मोटर असंल तिथल्या शाळंची—"

"आदेश," तिनं 'भाऊ' गाळलं. तिचं तिलाच ऐकू आलं, गाल तापले. "उंदीर नकोत आता. तसेच या."