दिएंगला राहिलेला माणूस

दिएंगची सहल शशिकांतने एक्सेलमध्ये आखली होती. लग्नाला पंचवीस वर्षं होणार म्हणून. इंडोनेशियात जावा बेटावरचं डोंगरातलं वोनोसोबो गाव, तिथून वर दिएंगचं पठार, गंधकाचा वास मारणारं तळं, अर्जुनाच्या नावाचं देऊळ. चहाच्या थांब्यालासुद्धा वेगळा रकाना. मग कोरोनात विमानंच बंद झाली. जानेवारी २०२१ मध्ये तर आयर्लंडमधल्या आमच्या डून लेरीतल्या घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायची सोय नव्हती.

त्याआधी डिसेंबरात शशिकांतला पोर्टलीशला कामावर असतानाच ताप चढला. तिथल्याच हॉस्पिटलात अकरा दिवस. त्यातले तीन दिवस शुद्ध नव्हती. टॅक्सीतून घरी उतरला तेव्हा मी मास्क, ग्लोव्ह्ज घालून सॅनिटायझर रोखून उभी. आजारातून घरी येणाऱ्यावरून उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळून टाकायचा असतो. माझी आई कॉलेजच्या ट्रिपवरून आले तरी ओवाळायची. मी त्याच्या बॅगेची चाकं पुसली. ओवाळायचं राहिलं ते राहिलंच.

तेव्हापासून तो फार गुणी झाला. कप विसळून ठेवायचा. चहात दोन चमचे साखर घ्यायचा. माझ्या वरणाला चक्क छान म्हणायचा. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, थकवा आहे, होतील ग्रँड, म्हणजे इथल्या भाषेत ठणठणीत. पण मला माझा खवचट नवरा परत हवा होता. म्हणून आमच्या लेकीने, निधीने, शोधलेली ऑनलाइन सहल मी घेतली. तिथला गाईड फोन घेऊन फिरणार, आपण सोफ्यावर.

शनिवारी सकाळी नऊ वाजता, म्हणजे तिकडच्या चारला, सुगेंग नावाचा हसरा गाईड लॅपटॉपवर आला. बटाट्याची शेतं झाली. हिरवं तळं झालं. शशिकांत मांडीवर हात ठेवून शहाण्यासारखा बघत होता.

मग धुकं उतरलं आणि अर्जुनाचं देऊळ आलं. पायरीवर कुणीतरी पाठमोरं बसलेलं.

"हे बहुतेक तुमच्याकडचे," सुगेंग म्हणाला. "डिसेंबरपासून रोज येतात. चहात साखर पडली की माझ्या बायकोशी भांडतात."

डोक्यावरचे दोन भोवरे मी ओळखले. पंचवीस वर्षं त्यांना तेल लावलंय.

माणूस वळला.

"सुमे, चहाचा थांबा साडेतीनचा होता. तुझं नेहमीचंच."

मी शेजारी पाहिलं. शेजारी शशिकांत होता. दुसऱ्यांच्या लग्नाची सीडी बघावी तसा, सभ्यपणे बघत होता.

मी घाबरले नाही. माझ्याशी भांडणारा कोण, ते मला कळतं.

"तिथे काय करतोयस?" मी स्क्रीनला विचारलं.

"दारापर्यंत आलो होतो की. तू चाकं पुसत होतीस."

"मग आत यायचं!"

"ओवाळलंस कुठे?"

सुगेंग मध्येच काहीतरी म्हणाला. वाऱ्यात ऐकू आलं नाही.

"शशी, ऊठ," मी म्हणाले. "घरी ये. आत्ता. मी तुकडा घेऊन दारात थांबते."

"भाकरी आहे का?"

"सोडा ब्रेड आहे. नखरे नकोत."

तो हसला. तसाच, एका गालाने.

मी स्वयंपाकघरातल्या कपाटातून ब्रेड काढला, तुकडा मोडला, तांब्यात पाणी घेतलं. परत आले तर पायरी रिकामी होती. सुगेंग फोन गरागरा फिरवत विचारत होता, "सर कुठे गेले?"

सोफ्यावरचा उठला.

त्याने पांघरूण घडी करून ठेवलं. बूट घातले, नाड्या नीट बांधल्या. कोट घेतला नाही.

मग माझ्यासमोर येऊन त्याने हात जोडले.

"फार पाहुणचार केलात, वहिनी. येतो."

त्याने दार उघडलं आणि बाहेर पडल्यावर एका अंगाला सरकून धरून ठेवलं, मागून कुणी आत येत असलं की धरतात तसं.

समोर नुसता रस्ता होता. त्यापलीकडे समुद्र.

मी उंबऱ्यातल्या रिकाम्या जागेभोवती तुकडा ओवाळला. एकदा. दोनदा.

तिसऱ्या फेरीला माझ्या मनगटावर कुणाचा तरी श्वास लागला. गार होता.