पाचव्या पत्राचा मायना

"चार वाजता मला काढून टाकणार आहेत," मुलगी म्हणाली, आणि वहिनींनी पुढे केलेल्या खुर्चीत न बसताच तिने पाच पत्रं टेबलावर ठेवली.

भाऊजींनी घड्याळ पाहिलं. साडेअकरा. वहिनींच्या तपासाच्या धंद्यात त्यांना बारा वर्षं झाली होती. एवढ्या काळात दिराची अक्कल तसूभरही वाढली नाही, असं वहिनी म्हणत. भाऊजी ते मनावर घेत नसत.

मुलगी एका संस्थेत संगणकाची नवी भाषा घडवत होती, संशोधकांनी आकडेवारी मांडायला वापरायची. सात वर्षं तिने त्यात घातली होती. कचेरीत तिचं नावच पडलं होतं भाषावाली. मजकुराचे दोन तुकडे जोडायला भाषेत कोणती खूण घ्यायची, ते आज संस्थेचं मंडळ ठरवणार होतं. सुचवलेल्या तीन खुणांपैकी तिची निवडली जाणार हे जवळजवळ नक्की होतं. आणि काल मंडळाच्या पाचही सभासदांना निनावी पत्रं आली: ही खूण चोरलेली आहे.

"एका खुणेवरून एवढं महाभारत?" भाऊजी म्हणाले. "अधिकचं चिन्ह आहे की!"

"बारा आणि तीन मिळवले तर पंधरा, काका. जोडले तर एकशे तेवीस. दोन्हीला एकच चिन्ह ठेवलं तर एखाद्या रुग्णाचा क्रमांक आणि औषधाची मात्रा यांची खिचडी होईल. म्हणून मी दोन टिंबं घेतली."

"टिंबंच का?" वहिनींनी विचारलं.

"सुचली," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

वहिनींनी पत्रं ओळीने मांडली. मजकूर शब्दशः एक. मायने मात्र वेगळे: आदरणीय अध्यक्ष साहेब, आदरणीय उपाध्यक्ष साहेब, आदरणीय चिटणीस साहेब, आदरणीय सल्लागार साहेब. पाचव्या पत्राला, डॉक्टरांना आलेल्या, मायनाच नव्हता.

"चिटणीस बाई आहेत," भाषावाली म्हणाली. "'साहेब' वाचून भडकल्यात. आणि या डॉक्टरांनी गेल्या बैठकीत आमच्या प्रोफेसरांना सगळ्यांदेखत झापलं होतं. प्रोफेसरांचीही एक खूण स्पर्धेत आहे. त्यामुळे लोक म्हणतात..."

"प्रोफेसरच!" भाऊजींनी मांडीवर थाप मारली. "ज्याच्यावर डूख धरलाय त्याला आदरणीय कोण लिहील?"

"भाऊजी, चपला घाला," वहिनी म्हणाल्या.

कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती. दाराशीच मंडळाची छापील यादी लावलेली होती. तिच्या प्रती सगळ्यांच्या संगणकावर असत. एका रकान्यात नाव, दुसऱ्यात पद. डॉक्टर नुसते सभासद असल्याने त्यांच्यापुढचा रकाना कोरा होता. वहिनी त्या यादीपुढे जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या. भाऊजींना वाटलं, वहिनींचा चष्मा बदलायला हवा.

प्रोफेसरांचा पारा चढलेलाच होता. "मी आणि निनावी? मला बोलायचं असलं की मी तोंडावर बोलतो!"

"ते दिसतंय," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या खुणेने मजकुराला कोरी नोंद जोडली तर काय होतं?"

"तिथे 'नोंद नाही' असं छापून येतं. उणीव झाकायची नसते, बाई. डोळ्यांत खुपली पाहिजे!"

दुसरी खूण भाषेतल्या चुका शोधणाऱ्या तपासनीसाची. तो नखं खात होता. "कोरं म्हणजे काहीच नाही. कागदाला हवा चिकटवली तर कागदच उरतो. उरलेला मजकूर जसाच्या तसा."

"आणि भाषावालीचं?"

"तिचं तिसरंच. एक तुकडा कोरा असला की सगळा जोडच कोरा. बैठकीत वाद घालून घसे बसले आमचे. पण तिची आवृत्ती तिच्याकडे आणि पुस्तिका लिहिणाऱ्या काकूंकडेच आहे."

"बरं, एका बाजूला एकच शब्द आणि दुसऱ्या बाजूला पाच नोंदी असल्या तर?"

"तो शब्द पाचही नोंदींना लागतो. हे तिघांचंही सारखंच."

काकू खिडकीपाशी बसून भाषेची माहितीपुस्तिका लिहीत होत्या. "मी सांगकामी," त्या हसून म्हणाल्या. "मला बैठकांना कोण बोलावतंय? तिने घडवायचं, मी करून बघायचं आणि लोकांना समजावायचं. आठ प्रकरणं झाली." पुढच्या पानावर 'नववे: कोऱ्या नोंदी' एवढंच लिहिलेलं होतं. "त्याला अजून हात लावला नाही."

"दोन टिंबांचं कसं समजावलंत?"

काकूंचा चेहरा फुलला. "दोन टाके! तुकडे वेगळे दिसतात, पण सुटत नाहीत. एकच टिंब ठेवलं तर दशांशाशी गल्लत होईल, म्हणून दोन." बोलताना त्या हवेतच सुई चालवत होत्या. भाऊजींना ही बाई फार आवडली.

सव्वातीनला वहिनींनी चौघांना बैठकीच्या खोलीत बसवलं. भाषावालीच्या हातातला रुमाल पिळून पिळून दोरी झाला होता.

"ही पत्रं कोणी एकेक करून लिहिलेली नाहीत," वहिनी म्हणाल्या. "तसं असतं तर चिटणीसबाईंना साहेब कोणी म्हटलं नसतं. 'साहेब' एकदाच लिहिलं आणि ते यादीतल्या सगळ्या पदांना आपोआप लागलं. मायने तुमच्या या भाषेतच जोडले गेलेत."

"मग डॉक्टरांना का नाही लागलं?" तपासनीसाने विचारलं.

"त्यांच्या पदाचा रकाना कोरा. प्रोफेसरांच्या आवृत्तीत मायना झाला असता 'आदरणीय नोंद नाही साहेब'. तुमच्या आवृत्तीत 'आदरणीय साहेब', आणि कोणाला वावगं वाटलं नसतं. सगळी ओळ गिळणारी आवृत्ती एकच."

"माझी," भाषावाली पुटपुटली.

भाऊजी वहिनींकडे बघतच राहिले. वहिनींनी आपल्याच अशिलाच्या गळ्यात फास अडकवला की काय?

"म्हणजे हिनेच!" प्रोफेसर गरजले.

"ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेईल? आणि जिने नियम केला, ज्यावरून तुमच्याशी भांडली, ती त्यातच फसेल? फसलं ते माणूस, ज्याच्याकडे हिची आवृत्ती आहे, पण जे बैठकीला नव्हतं आणि नवव्या प्रकरणापर्यंत अजून पोचलेलं नाही."

सगळे काकूंकडे वळले. मग काकू हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, फक्त पद गळेल. पाकिटं भरताना मी पत्रं उलगडून बघितलीच नाहीत."

"काकू, का?" भाषावालीने विचारलं.

"तुला माहीत आहे."

"पत्रात 'चोरलेली' हा शब्द उगाच आला नाही," वहिनी भाषावालीकडे वळल्या. "टिंबंच का, याला तू उत्तर दिलंस 'सुचली'. काकूंनी दशांशासकट सगळी जन्मकथा सांगितली. कोणाला सुचली होती, पोरी?"

भाषावालीचे डोळे भरून आले. "दोन वर्षांपूर्वी, जेवणाच्या सुट्टीत. माझी बाही उसवली होती, ती काकू शिवत होत्या. म्हणाल्या, असे दोन टाके घाल की तुझ्या भाषेत. मी फळ्यावर काढून दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी गप्प बसले."

दार उघडलं. चिटणीसबाई उभ्या होत्या. "चार वाजले. पत्र लिहिणारा सापडला का?"

भाऊजींनी श्वास रोखला. एक नाव घेतलं की पोरीची नोकरी वाचत होती. काकूंनी मान खाली घातली.

"सापडलं," भाषावाली उठली. "पण आधी मला बोलायचंय. काकू, चला."

"मला आत बोलावलेलं नाही गं."

"मी बोलावतेय." तिने काकूंचा हात धरला आणि दोघी आत गेल्या.

"वहिनी, आपलं अशील बुडालं की हो!" भाऊजी कळवळून म्हणाले. वहिनींनी त्यांना हाताने गप्प केलं. दार नीट लागलं नव्हतं. आत खुर्च्या सरकल्या, कोणीतरी खाकरलं, आणि मग भाषावालीचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"ही खूण माझी नाही."