राजवैद्याचा खून आणि सहा रविवार

त्या दुपारी तिनं गिऱ्हाइकाच्या हातात खुनाचा बेत ठेवला, आणि तिला ते कळलंही नाही.

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती काचा घासायची. घरात दोघी बहिणी, त्यामुळे घरी ती धाकटी, आणि थोरली बहीण सारखी दुकानात येऊन "धाकटे, धाकटे" करायची म्हणून दुकानातही धाकटीच. फ्रेमच्या मापाला काच घासता घासता डोक्यात जे येईल ते हाताशी असलेल्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहून ठेवायची तिला सवय. त्या दिवशी मालक जेवायला गेलेले, गल्ल्यावर ती एकटी. एका उंच, जरा वाकून चालणाऱ्या तरुणाला तिनं चष्मा दिला, नंबराची चिठ्ठी दिली आणि परत आपल्या चाकापाशी गेली.

अर्ध्या तासात तो पुन्हा दारात. नवा चष्मा नाकावर, चिठ्ठी हातात.

"काय झालं? नंबर बरोबर नाही का?"

"नंबर झकास आहे. चिठ्ठीबद्दल बोलायचं होतं." त्यानं चिठ्ठी उलटी केली आणि मोठ्यानं वाचलं, "'राजवैद्य मेलेला. दार आतून बंद, किल्ली आतल्या बाजूनं कुलपातच. खुनी दुसऱ्या किल्लीनं बाहेरून कुलूप लावून पसार.'"

धाकटीचे कान तापले. "ते... ते माझं आहे."

"वाटलंच. पोलिसांकडे जाणार होतो, पण म्हटलं, आधी चूक तरी सांगावी."

"कसली चूक?"

"आत किल्ली असेल तर बाहेरून दुसरी जात नाही. मधेच अडते. तुमचा खुनी बाहेर खुडबुड करत उभा राहील आणि सकाळी सापडेल." मग जरा ओशाळून म्हणाला, "मी किल्ल्या बनवतो. कोपऱ्यावरचं दुकान माझंच."

दोन महिने ती त्या खुनावर डोकं चालवत होती, आणि या माणसानं अर्ध्या तासात त्याचा भुगा केला. राग यायला हवा होता. आला तो हसूच.

"मग कसं करायचं?"

"ते मी का सांगू? मी सांगितलं तर गोष्ट ऐकायच्या आधीच मला कळेल ना... खुनी कोण ते." त्यानं चष्मा वर सरकवला. "पण राजवैद्य कोण?"

मग तिला सगळं सांगावं लागलं. दर रविवारी दुपारी चार वाजता मागच्या खोलीत ती आणि आणखी दोघं एक खेळ खेळत. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एक पात्र व्हायचं. कुणी योद्धा, कुणी जादूगार. ती गोष्ट चालवणार, बाकीचे त्या गोष्टीत वागणार, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. आजवर राक्षस आणि भुयारं झाली. आता तिला खून हवा होता. कड्यावरचा किल्ला, त्यात राजवैद्याचं प्रेत, आणि किल्ल्यातला प्रत्येक जण काहीतरी लपवतोय.

"एक जागा रिकामी आहे का?" त्यानं विचारलं.

नव्हती. तिनं एक स्टूल आणलं.

पहिल्या रविवारी तो पावणेचारलाच आला. टेबलाशी थोरली होती. ती खेळात कुऱ्हाड घेऊन फिरणारी योद्धी, आणि घरातही साधारण तशीच. दुसरे पोस्टमनकाका. नोकरीतून निवृत्त झालेले, गेल्या दोन वर्षांपासून एकटे. काका दर महिन्याला काकूंच्या चष्म्याचा स्क्रू घट्ट करून घ्यायला दुकानात यायचे. चष्मा घालायला आता कुणी नव्हतं, पण स्क्रू सैल होतो म्हणायचे. धाकटी काही न बोलता स्क्रू पिळून द्यायची. असंच एकदा तिनं त्यांना रविवारी बोलावलं, आणि काका जादूगार झाले.

"तू काय होणार?" थोरलीनं कुलूपवाल्याला विचारलं.

"चोर."

"का रे?"

"आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारापाशी इमानानं उभा राहिलोय, ताई. एकदा तरी न विचारता आत जाऊन बघतो."

किल्ल्यातली बाकी सगळी माणसं धाकटीच व्हायची. खजिनदार झाली की नाकातून बोलायची, राणीसाहेब झाली की मान ताठ. मुदपाकखान्यातली स्वयंपाकीण झाली की तिचा आवाज सावकाश, जरासा घोगरा व्हायचा आणि नजर खाली जायची. प्रेत पहिल्यांदा तिलाच दिसलं होतं. कुलूपवाल्यानं तिला एकदा प्रश्न विचारला, आणि मग तो मुदपाकखान्यातून बाहेर पडेचना.

"मी मुदपाकखान्यात जातो," तो दुसऱ्या रविवारी म्हणाला.

"पुन्हा?" थोरली म्हणाली. "अरे, प्रेत वरच्या मजल्यावर आहे!"

"पुरावा कुठेही असू शकतो."

धाकटीनं नजर खाली केली. "काय हवंय चोरमहाराजांना?" स्वयंपाकीण म्हणाली.

"थोडी माहिती."

"माहिती कालच दिली."

"काल नीट ऐकू आली नाही. तू बोलत होतीस तेव्हा मी... दुसरीकडेच बघत होतो."

"कुठे?"

"तुझ्याकडे."

काकांनी घसा खाकरला. "फासा टाकावा लागेल का याला?" ते निरागसपणे म्हणाले. थोरली टेबलावर डोकं ठेवून हसली. धाकटीनं कागद उचलून तोंडासमोर धरला. तो कागद उलटा होता, हे सगळ्यांनाच दिसलं.

चोर आणि स्वयंपाकीण एकमेकांना 'तू' म्हणायचे. ते 'तू' खेळ संपल्यावर टेबलावरून उठताना कुणी परत ठेवलं नाही. पुढे दुकानाच्या पायरीवर, रस्त्यात, चहा पिताना तेच चालू राहिलं. आठवड्यात मधेच तो यायचा. कधी चष्म्याची दांडी सैल झालेली, कधी नाकावर टोचतंय. चष्मा मुद्दाम वाकवलेला असायचा. रोज पत्र्याला बाक देणाऱ्या माणसाची बोटं कुठली आणि अपघात कुठला, एवढं धाकटीला कळत होतं. ती पुन्हा सरळ करून द्यायची, आणि त्याच्या कानामागे दांडी बसवून बघताना तिचे हात गरजेपेक्षा जरा जास्त वेळ तिथे राहायचे.

पण बोललं कुणीच नाही. तो हसण्यावारी न्यायचा, ती स्वयंपाकिणीच्या मागे लपायची.

तपासाचं मात्र भजं झालं होतं. चौथ्या रविवारपर्यंत थोरलीनं दोन निरपराध पहारेकरी बांधून ठेवले होते. चोर भलतेच प्रश्न विचारायचा. घोड्यांना काय खायला घालता, राणीसाहेबांची मांजर कुठे झोपते. एवढ्या हुशार माणसाला हे सुचतं कसं, धाकटीला कळेना.

पाचव्या रविवारी फासे गोळा करता करता तो म्हणाला, "पुढच्या रविवारी उरकायला हवं."

"का?" थोरलीनं विचारलं.

"तिजोऱ्या बनवणारी एक कंपनी आहे. मला बोलावलंय. कुलपं आखायची, नुसती दुरुस्त नाही करायची. चांगलं काम आहे." तो फाशाकडेच बघत होता. "तीन तासांवर आहे गाव. त्या रविवारनंतरच्या सोमवारी होय-नाही कळवायचंय. होय म्हटलं की लगेच निघायचं."

"अरे वा! अभिनंदन!" काका म्हणाले.

धाकटीही म्हणाली, अभिनंदन. कुठल्या आवाजात म्हणाली ते तिचं तिलाच कळलं नाही. तो आवाज किल्ल्यात कुणाचाच नव्हता.

त्या आठवड्यात चष्मा वाकला नाही. तिनं एका गिऱ्हाइकाची डावी काच उजवीकडे बसवली, मालकांची बोलणी खाल्ली, आणि घरी थोरलीनं विचारल्यावर "डोकं दुखतंय" म्हणाली.

"सांगून टाक त्याला," थोरली म्हणाली.

"काय सांगू? एवढं चांगलं काम सोड म्हणू?"

"सोड कुठे म्हणतेय मी? सांग म्हणतेय. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, धाकटे."

सहावा रविवार. खिडकीतून उतरतं ऊन टेबलावर आलेलं, त्यात काचेची बारीक धूळ तरंगत होती.

"माझ्याकडे एक मंत्र शिल्लक आहे," काका म्हणाले. "मेलेल्याशी बोलण्याचा. तीन प्रश्न विचारता येतात. आज वापरतो."

जादूच्या गोष्टीत खून लिहिणाऱ्याची हीच पंचाईत असते. मेलेल्यालाच विचारलं की झालं! धाकटीनं त्याची तयारी केलेली होती. विष पाठीमागून प्याल्यात पडलं, राजवैद्यानं कुणाला पाहिलंच नाही. खुनी कोण विचारलं तर काय, शत्रू कोण विचारलं तर काय, सगळी उत्तरं कागदावर होती. तिनं डोळे मिटले आणि हळू, खोल आवाजात म्हणाली, "विचार, जादूगारा."

काकांनी समोरचा फासा बाजूला सरकवला. मग म्हणाले, "दुखलं का हो फार?"

धाकटीनं डोळे उघडले. हे कागदावर नव्हतं. काका तिच्याकडे नाही, टेबलाकडे बघत होते. थोरलीनं हातात खेळवत असलेली आपल्या योद्धीची बारकीशी लाकडी कुऱ्हाड खाली ठेवली.

"नाही," धाकटी सावकाश म्हणाली. "फार नाही. झोप यावी तसं झालं."

काकांनी मान हलवली. "कुणी जवळ हवं होतं का तेव्हा?"

"हवं होतं. पण... ते येतच होते, हे ठाऊक होतं मला. तेवढं पुरलं."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "शेवटचं विचारतो. कुणाला काही सांगायचं राहून गेलं का?"

धाकटीनं मान वर केली. कुलूपवाला समोर बसला होता. त्याचे हात टेबलावर होते, नखांत पितळेचा कीस.

"हो," ती म्हणाली. राजवैद्याचा खोल आवाज मधेच कुठेतरी गळून पडला. "एकाला सांगायचं होतं. रोज काहीतरी निमित्त काढून यायचा. मीही निमित्त धरूनच बोलायचे. वाटायचं, आहे की अजून वेळ... सांगू पुढच्या वेळी. तेवढं राहिलं."



मग काका उठले. टोपी घेतली. "राहायला नको," ते एवढंच म्हणाले, आणि जाता जाता धाकटीच्या डोक्यावर हात ठेवून गेले.

"थांबा काका, मी सोडते तुम्हाला," थोरली म्हणाली. काकांचं घर दुकानासमोरच होतं.

दोघंच उरले. तो फासे एकावर एक रचायला लागला. पडले. पुन्हा रचले.

"मघाचं ते राजवैद्य बोलला का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"स्वयंपाकीण?"

"नाही रे. मी."

त्यानं फासे सोडून दिले. "मला एक कबूल करायचंय. खुनी कोण ते मला दुसऱ्या रविवारीच कळलं होतं."

"काय?"

"बोललो असतो तर खेळ संपला असता. मग मी कशाला आलो असतो इथे? घोडे, मांजर... काहीही विचारत बसलो. चष्मा तरी किती वेळा वाकवणार माणूस!"

"कोण आहे खुनी?"

"खजिनदार."

धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं, आवरेना, डोळ्यांत पाणी आलं तरी थांबेना.

"का? नाही?"

"तुझ्यामुळे मी कुलपाचा सगळा भाग बदलला होता. त्या दाराला कुलूप लागलेलं होतं, हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे... स्वयंपाकिणीनं. तिनंच तर पहिल्यांदा..." तो थांबला. चष्मा काढला. "ती खोटं बोलत होती?"

"पहिल्या दिवसापासून. खून तिनंच केला. दार नुसतं लोटलेलं होतं. ताई योद्धी, तिला दारं फोडायचीच माहीत. काकांना जादू. पण तू किल्ल्या बनवणारा! एकदा कुलूप हलवून बघतो म्हणाला असतास तर त्याच दिवशी सुटलं असतं सगळं."

"मी तिच्यावर विश्वास ठेवला," तो म्हणाला.

"दिसलं की ते."

"माझी काही चूक नाही. ती बोलायला लागली की मला कुलूप, किल्ली, काही आठवत नाही." तो हसला नाही हे म्हणताना. टेबलाला वळसा घालून तिच्या बाजूला आला. "तू बोलायला लागलीस की. धाकटे... मी उद्या काय कळवू त्यांना?"

थोरली म्हणाली होती, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धाकटीनं त्या आता वेगळ्या केल्या.

"होय कळव. कुलपं आखायला मिळतायत, जा. मी थांब म्हणणार नाही." तिनं श्वास घेतला. "आणि मला तू आवडतोस. सहा रविवार झाले. तू गेलास की मला तू आणखी आवडणार आहेस, आणि त्रास होणार आहे, तोही मला चालेल. झालं, सांगितलं."

तिला वाटलं, आता हसण्यावारी नेईल. त्यानं नेलं नाही. तिचा हात उचलून आपल्या दोन्ही हातांत धरला. तिच्या बोटांना काचेची भुकटी लागलेली, त्याच्या बोटांना पितळेची.

"मलाही," तो म्हणाला. आणि मग घाईघाईनं, जणू कुणी मधेच थांबवेल, "रविवारी सुट्टी असते तिथे. सकाळची गाडी धरली तर अकराला पोचतो."

"खेळ चारला असतो."

"माहीत आहे."

"अकरा ते चार काय करशील?"

"तू काय करतेस रविवारी अकरा ते चार?"

"कपडे धुते," धाकटी म्हणाली.

"मग पिळायला एक माणूस मिळाला म्हण," तो म्हणाला, आणि हात काही त्यानं सोडला नाही.