वरच्या अंगाला

एट्रिक नदीच्या आमच्या बाजूला नुसते दगडगोटे आहेत, आणि मासे सगळे पलीकडच्या आल्डर झाडांखाली. ट्राउट धरायची तर नदी ओलांडायलाच हवी. लग्न झाल्यापासून मी आणि गिब सेलकर्क गावाच्या वरच्या उथळावरून हातात हात अडकवून पलीकडे जात आलो आहोत.

त्याची एक रीत आहे. जड माणसाने वरच्या अंगाला राहायचं, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला. तो धार फोडतो आणि हलका माणूस त्याच्या आडोशाने चालतो. नजर पलीकडच्या काठावर ठेवायची. पाण्याकडे पाहिलं की भोवळ येते आणि सोबत्याकडे पाहिलं की पाऊल चुकतं. गिब जड, मी हलकी, त्यामुळे कोण कुठे उभं राहणार हा प्रश्न आमच्या घरात कधी निघालाच नाही.

गेल्या शरदात गिबच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हिवाळाभर तो इस्पितळात होता. तिथे एकदा त्याचं अंग पुसताना नर्सने विचारलं, "उजव्या दंडावर हे काय लागलंय?" कोपराच्या वर निळसर डाग होते, चार ओळीत आणि एक बाजूला. मी म्हटलं, "जन्मखूण असेल. मी पहिल्यापासून पाहतेय." गिबची वाचा तेव्हा परतली नव्हती. तो छताकडे बघत राहिला.

एप्रिलमध्ये मासेमारीचा मोसम उघडला त्या सकाळी तो पाण्यात उतरायची रबरी विजार मांडीवर घेऊन बसला होता.

"डॉक्टर सपाटीवर चाला म्हणालेत," मी म्हटलं.

"नदीचा तळ तसा सपाटच आहे."

"जित्याची खोड."

"इसोबेल, एकदा पलीकडे उभा राहू दे. नाहीतर मग या खुर्चीतच मेलो म्हणून समज."

हे तो हसत म्हणाला, पण खरंच म्हणाला. इस्पितळातून घरी आल्यापासून त्याने स्वतःहून काही मागितलं नव्हतं. मी गाडीची किल्ली घेतली.

मोसमाच्या पहिल्या दिवशी नदीला व्हिस्कीचे चार थेंब वाहायचे असतात. सगळेच वाहतात. गिब मात्र दरवर्षी चपटीचं झाकण काठोकाठ भरून ओतायचा आणि मी दरवर्षी त्याला उधळ्या म्हणायचे. या खेपेला त्याने चपटी माझ्याच हातात दिली.

"तू ओत. आज वर तू राहणार."

मी चार थेंब टाकले.

"झाकणभर," तो म्हणाला. आवाजात थट्टा नव्हती. मी झाकण भरून ओतलं, आणि जीव हळहळला तो नेहमीसारखाच.

मग आम्ही पाण्यात उतरलो. माझ्या उजव्या हातात त्याचा डावा हात, डाव्या हातात काठी. नोकरीची सगळी वर्षं मी नद्यांचा वेग मोजण्यात काढली आहेत. मांडीइतकं पाणी अशा वेगाने आलं की पायाला किती रेटा बसतो हे मला पुस्तकात बघावं लागत नाही. मी दात आवळून त्या रेट्याची वाट पाहत होते.

तो आलाच नाही.

पाणी दोन्हीकडून खळाळत होतं, पण माझ्या पायांपाशी संथ होतं. उभ्या माणसाच्या मागे पाणी असं निवतं. इतकी वर्षं गिबच्या आडोशाला मी याच संथ पाण्यात चालत आले होते, म्हणून लगेच ओळखलं. फक्त आता माझ्या वर कुणी नव्हतं. मोठा धोंडा असेल असं मी मनाशी म्हटलं. पण आम्ही पाऊल टाकलं की ते संथ पाणीही पाऊलभर सरकायचं. मी नजर आल्डरवरून हलवली नाही.

पलीकडची दुपार मी जन्मात विसरणार नाही. ऊन पडलं, पाण्यावर बारीक किडे उमलायला लागले आणि झाडांखाली ट्राउटच्या तोंडांची वर्तुळं उठू लागली. गिबची डावी बोटं चालत नव्हती, म्हणून गळावरची पिसांची नकली माशी मी दोराला बांधून दिली. उजवा हात मात्र जुनाच होता. दोर हवेत उलगडला आणि माशी अशी अलगद टेकली की मीही फसले असते. दुसऱ्याच फेकीला मासा लागला.

"हात ओला कर," तो ओरडला. कोरड्या हाताने ट्राउटची कातडी भाजते.

"मला शिकवतोस होय रे?" मी म्हटलं आणि ओल्या हाताने तो ठिपक्यांचा मासा सोडवला. क्षणभर तळहातावर थबकून तो निघून गेला. गिब रडत होता. मीही रडले. एवढं परत मिळालं, आणखी काय मागायचं?

वर डोंगरात पाऊस झाला असावा. आमच्या ध्यानात येईपर्यंत नदी गढूळ होऊन चढली होती. पूल फार खाली, मधे दलदल आणि काटेरी तारा, फोन पलीकडे गाडीत. ऊन उतरलं होतं आणि गिबचे ओठ निळे पडत होते. थांबलो असतो तर तो तिथेच गारठला असता.

"चल," तो म्हणाला.

येताना वरचं अंग उजव्या हाताला येतं. मी त्याचा उजवा हात डाव्या काखेत घट्ट धरला. त्याचा दुबळा हात खालच्या बाजूला मोकळा लोंबत होता. पाणी कमरेला लागलं. तरी माझ्यापाशी ते संथच होतं.

मधोमध पायाखालचा दगड फिरला.

गिबचा सगळा भार माझ्यावर आला. काठी सुटली. मला कळलं की आम्ही गेलो.

तेव्हा कुणीतरी माझा उजवा दंड धरला. कोपराच्या वर.

हात थंड नव्हता, गरमही नव्हता. त्याने ओढलं नाही. नुसतं धरून ठेवलं, मला तळ सापडेपर्यंत.

मी आमच्या गाडीच्या लाल टपाकडे बघत राहिले.

पाणी गुडघ्यावर आलं तेव्हा तो हात सुटला. मी समोर बघतच म्हटलं, "आभारी आहे."

गाडीत मी हीटर लावला आणि त्याचे हात चोळू लागले.

"आभार मानलेस ते बरं केलंस," गिब म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"मी धार कधी फोडलीच नाही, इसोबेल. माझ्यापर्यंत ती यायचीच नाही."

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीस?"

"तू आडोशाला सुखात होतीस. कशाला सांगू?"

"कोण आहे?"

"मान वळवायची नाही, अशी रीत आहे ना?"

रात्री मला शांत झोप लागली. आपल्या माणसाला नदीने परत दिलं, तर नदीला जाब विचारू नये.

सकाळी न्याहारीनंतर मी बशा धूत होते आणि गिब शेजारी फडकं घेऊन उभा होता. मी बाह्या वर सारल्या. उजव्या दंडावर, कोपराच्या वर, चार निळसर डाग होते आणि एक बाजूला. दुखत नव्हते. मी हसून म्हटलं, "बघ, आता जोडी झाली," आणि त्याला त्याचे दाखवायला त्याची उजवी बाही वर केली.

त्याचा दंड स्वच्छ होता.

गिबने बराच वेळ त्याकडे पाहिलं. मग बाही खाली ओढली, मनगटाची गुंडी लावली आणि पुढची बशी पुसायला घेतली.